एकाच कुरणाचे तीन शेतकरी

आत्याचा निरोप मोबाइलवर थरथरला, तेव्हा मधली शेती-सल्ला केंद्रातल्या फोनवर एका बाईंना कोंबड्या पिसं का गाळतात ते समजावत होती. निरोप नेहमीसारखाच होता. ‘रविवारी सकाळी ये. कुरणाचं ठरवायचं आहे. चांगल्या चपला घालू नकोस, धूळ आहे.’ येशील का, जमेल का, असलं काही नाही. आत्या विचारत नसे, बोलावत असे.

मधलीनं तो वाचला आणि कोंबड्यांचं काय सांगत होती तेच विसरली.

कुरण आत्याचं होतं. आजोबांनी मुलाला शेत दिलं आणि मुलीला ओढ्याकाठचं कुरण. आत्यानं लग्न केलं नाही आणि कुरणही सोडलं नाही. भाऊ गेल्यावर त्याची तिन्ही मुलं तिनंच वाढवली, बरीचशी त्या कुरणातच. आता गुडघ्यांनी संप पुकारला होता, त्यामुळे पुढं काय करायचं ते सगळ्यांना समोर बसवून एकदाचं ठरवायचं, असं तिनं मनावर घेतलं होतं.

सगळ्यांना, म्हणजे मधलीलाही. आणि तिथंच घोडं अडत होतं.

दादा वरचा, धाकटा खालचा, म्हणून ही मधली. कृषी विद्यापीठाच्या विस्तार केंद्रात ती गवत आणि चाऱ्याची तज्ज्ञ होती. दारावर पाटी होती, खिडकीत डब्याडब्यांतून गवतं उगवत होती. पण दोन वर्षांपूर्वी तिनं कुरणातली माती तपासून चार शेजाऱ्यांसमोर दादाला सांगितलं होतं, की गाई बाराही महिने एकाच जागी सोडल्या तर गवत मरणारच. दादा लालबुंद झाला होता. “विद्यापीठातलं शहाणपण विद्यापीठात ठेव,” तो म्हणाला होता. “गाई पुस्तकं खात नाहीत.” शेजारी खो खो हसले. मधली गाडीत बसली ती थेट शहरात. तेव्हापासून ना तिनं घरी पाऊल टाकलं, ना दादानं बोलावलं. अबोला धरण्यात दोघंही एकमेकांना हार जाणारे नव्हते.

अबोला खरा, पण त्याला अलीकडे एक भोक पडलं होतं, आणि ते केंद्राच्या फोनमधून पडलं होतं.

त्या फोनवर कुणीही काहीही विचारावं. गाईगुरंवाले विचारत, भाजीवाले विचारत, कुठल्या तरी गावाची समिती विहिरीच्या पाण्याचं विचारी. नाव सांगायची सक्ती नव्हती. नियम एकच: कुणी काय विचारलं ते खोलीबाहेर जायचं नाही.

उन्हाळा लागता लागता एक फोन आला. रुमालातून बोलल्यासारखा आवाज.

“हॅलो. मी एक शेतकरी बोलतोय. लांबचा.”

“बोला.”

“आमची मंडळी हल्ली पोटभर खात नाहीत.”

“घरातली मंडळी?”

“छे हो! चार पायांची.”

मधलीनं फोनवर तळहात दाबला आणि हसू दाबता दाबता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गाईंना मंडळी म्हणणारा माणूस तिच्या माहितीत एकच होता, आणि तो तिचा सख्खा भाऊ होता. मग तिनं घसा खाकरला आणि कुणाही परक्या शेतकऱ्याला दिली असती तशी नीट, शांतपणे उत्तरं दिली. लांबच्या शेतकऱ्याचा एक तुकडा होता. गवत गेलं होतं. नांगरून चाऱ्याचा मका टाकावा काय?

“जमीन उताराची आहे का?” तिनं विचारलं.

“नाही नाही. सपाट. एकदम ताटासारखी.”

म्हणजे दादा रस्त्याकडच्या वरच्या तुकड्याबद्दल बोलतोय, असं तिनं धरलं. सपाट असेल तर नांगरायला हरकत नाही, असं ती सांगून बसली.

त्याच आठवड्यात धाकट्याचा फोन आला. “माझा एक मित्र आहे, ताई… आपलं, मॅडम.” मित्राला तारेचं कुंपण घालून कुरणाचे भाग पाडायचे होते, एकेका भागात गाई सोडायच्या होत्या. पाण्याची सोय काय? “ओढा आहे ना. बारमाही वाहतो.” आणि मग एक बाई, अगदी कुजबुजत, मागं भांड्यांचा आवाज. त्यांच्या मैत्रिणीच्या घरी गाई गवताच्या मानानं जास्त होत्या आणि मैत्रिणीचे यजमान ऐकत नव्हते. गाई किती? “चार-पाच,” वहिनी म्हणाली. तिघांच्याही गोठ्यात फाटकाची कडी जिभेनं उघडणारी एकशिंगी गाय होती. अशी गाय देवानं एकच घडवली होती आणि ती मधलीला लहानपणी आडवी येणाऱ्या गाईची नात होती.

मधली कुणाला काही बोलली नाही. फोन येत राहिले. ती वाट बघायला लागली.

रविवारी ती जुन्या चपला घालून गेली, आणि फाटकाशीच तिला थांबावं लागलं. फाटकात ट्रॅक्टर उभा होता, मागं नांगर लावलेला. ट्रॅक्टरवाला पायरीवर बसून वहिनीनं दिलेला चहा फुंकत होता.

“कुठं नांगरायचंय?” तिनं विचारलं.

“खाली. ओढ्याकडचं.” तो आरामात म्हणाला. “घरात काहीतरी ठराव चाललाय. तो झाला की लागतो.”

ओढ्याकडचं कुरण! ताटासारखं सपाट म्हणे. त्या उतारावरून लहानपणी तिघं पोत्यावर बसून घसरत ओढ्यात जाऊन पडायची.

स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाशी सगळे बसले होते. आत्या मध्यभागी, पाय स्टुलावर. दादा खिडकीशी. वहिनी ओट्याशी उभी. धाकटा पावाला लोणी लावत होता, नको इतकं लक्ष देऊन.

“आलीस का,” दादा खिडकीला म्हणाला.

“आले,” मधली साखरेच्या डब्याला म्हणाली.

“झालं स्वागत,” आत्या म्हणाली. “आता एकेकानं बोला. ओरडायचं नाही, जुनं उकरायचं नाही. मी सगळ्यांचं ऐकणार आणि मग सांगणार. दादा, तू.”

दादानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. “कुरण नांगरायचं आणि मका टाकायचा. गवत राहिलंय कुठं? मंडळी दिवसभर धूळ चाटतात. ट्रॅक्टर दारात आहे. आणि हे मी मनानं बोलत नाही, सांगून ठेवतो. एका मोठ्या तज्ज्ञाचा सल्ला घेतलाय.”

मधलीचा कप ओठांपाशी थांबला.

“कोण तज्ज्ञ?” धाकट्यानं विचारलं.

“आहे कुणीतरी. तुझ्या ओळखीतला नाही.”

“तसं म्हटलं तर मीही विचारलंय एकीला. ती म्हणते, नांगराला हात लावू नका. तारेनं भाग पाडा, आलटून पालटून चारा, गवताला श्वास घेऊ द्या. फार हुशार बाई आहे.”

“असेल. माझ्या तज्ज्ञाच्या पासंगालाही पुरायची नाही.”

“तुझा तज्ज्ञ काय आकाशातून पडलाय?”

“ओरडायचं नाही,” आत्या म्हणाली. “सूनबाई, तू का गप्प?”

वहिनीनं फडक्याला हात पुसले. “मला इतकंच म्हणायचंय, की गवत जेवढं, तेवढ्याच गाई ठेवाव्यात. म्हाताऱ्या, भाकड किती सांभाळायच्या? मला एका जाणकार बाईंनी सांगितलंय.”

“गाई कमी करा म्हणाली?” दादा उसळला. “तुझी बाई डोक्यावर पडलीय!”

मधलीला ठसका लागला. चहा नाकातून आला. धाकट्यानं तिच्या पाठीत थापट्या मारल्या.

“तू गं?” आत्यानं तिच्याकडे रोखून पाहिलं. “तुझंच खातं ना हे? तुला काय वाटतं?”

“मला कुठं कुणी विचारलंय,” मधली डोळे पुसत म्हणाली, आणि आपण धडधडीत खोटं बोलतोय हे जाणवून आणखी खोकली.

काय करावं ते तिला सुचेना. तिघंही तिच्याच शब्दांनी एकमेकांना बडवत होते आणि ती तोंड उघडू शकत नव्हती. दादाचं गुपित फोडलं तर नियम मोडला. शिवाय दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्यांसमोर दुखावला होता, तो आता बायकोसमोर आणि धाकट्यासमोर दुखावला जाणार. मग तो फोनही बंद करेल. आणि गप्प बसलं तर पहिल्याच मोठ्या पावसात कुरणाची माती ओढ्यात. तीही तिच्याच सल्ल्यानं!

ट्रॅक्टरवाल्यानं दारातून मान आत घातली. “काका, झालं का? मला दुपारी पलीकडे जायचंय.”

“झालं,” दादा उठला. “चल.”

“मी अजून काही सांगितलेलं नाही,” आत्या म्हणाली.

“आत्या, कडेचा एक पट्टा मारून दाखवतो. नुसतं दाखवायला.”

“दादा,” मधली म्हणाली.

दोन वर्षांत तिनं त्याला पहिल्यांदाच हाक मारली होती. तो थांबला, पाठमोरा.

“तुझ्या तज्ज्ञानं कुरण बघितलंय?”

“फोनवर सांगितलं मी सगळं.”

“सगळं? उतार आहे हे सांगितलंस?”

दादानं मान खाजवली. “सपाट सांगितलं. आता उतार सांगितला असता, तर तू ओळखलं नसतंस का मला!”

त्याचं त्यालाच ऐकू आलं. तो हळूच वळला.

“तू?” धाकट्याचं तोंड उघडंच राहिलं. “तू ताईला फोन करत होतास? रुमाल-बिमाल धरून?” आणि तो टेबलावर डोकं ठेवून हसत सुटला. “मोठा तज्ज्ञ! माझ्या ओळखीतला नाही!”

“मग तुझी ती फार हुशार बाई कोण रे?” वहिनीनं विचारलं.

धाकट्याचं हसू जागच्या जागी विझलं. कान लाल झाले. दादानं त्याच्याकडे पाहिलं, मग मधलीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. “म्हणजे पासंगाला पुरायची नाही म्हणालो ती…”

“तीच,” धाकटा पुटपुटला.

वहिनीनं फडकं तोंडाशी धरलं होतं. तिचे खांदे हलत होते.

“आणि डोक्यावर पडलेली?” दादानं अगदी बारीक आवाजात विचारलं.

“अहो, तीच!” वहिनीनं फडकं काढलं आणि ओट्याला धरून ती पोट दुखेपर्यंत हसली.

“तुला माहीत होतं?” दादानं मधलीला विचारलं.

“मंडळी पोटभर खात नाहीत, हे ऐकल्यापासून.”

“आणि तरी बोलली नाहीस?”

“केंद्राचा नियम आहे. विचारणाऱ्याचं नाव खोलीबाहेर जायचं नाही.”

दादा मटकन खुर्चीत बसला. “पण हा नंबर… मला आत्यानं दिला. म्हणाली, कुणाला सांगू नकोस.”

“मलाही,” धाकटा म्हणाला.

“मलाही,” वहिनी म्हणाली.

सगळ्यांच्या माना आत्याकडे वळल्या. आत्या चहात साखर ढवळत होती. ती केव्हाच विरघळली होती.

“बघता काय?” ती म्हणाली. “एकमेकांशी बोलणार नाही म्हणत होतात. बोललात की नाही?”

ट्रॅक्टरवाला दारातच उभा होता. त्याला पुढं काय होतंय ते बघायचं होतं, म्हणून तो चौकटीला टेकला.

दादानं बोटानं टेबलावर रेघोट्या ओढल्या. मग म्हणाला, “फोनवर बरी बोलतेस तू. चारदा विचारलं तरी चिडत नाहीस.”

“फोनवर तू ऐकतोस, दादा.”

“समोर तू लोकांना ऐकवतेस.”

“हो,” मधली म्हणाली. तेवढंच.

“हूं,” दादा म्हणाला. त्या दोघांच्या हिशेबी एवढ्यात बरंच मिटलं होतं. पण कुरणाचं मिटलं नव्हतं. दादा इतक्यात हार मानणाऱ्यातला नव्हताच. “ठीक आहे, उतार आहे. थोडासा. म्हणून काय झालं? ओढ्यापलीकडच्यानं तसल्याच उतारावर नांगर घातलाय. त्याचं कुठं काय बिघडलं?”

“बघू या की,” मधली म्हणाली. “धाकट्या, पलीकडच्या नांगरलेल्यातलं एक ढेकूळ आण. वाळलेलं. एक आपल्या कुरणातलं, कुंपणाच्या आतलं, तेही वाळलेलं, गवताच्या मुळांसकट. वहिनी, काचेचे दोन मोठे ग्लास आणि चहाची गाळणी. दोन आहेत का गाळण्या?”

“एक नवी, एक भोकाची.”

“भोकाची चालेल.”

धाकटा धावतच गेला आणि धुळीनं माखून आला. मधलीनं ग्लास पाण्यानं काठोकाठ भरले, गाळण्या त्यांच्या तोंडावर बसवल्या. गावोगावच्या शाळांत, चावड्यांवर, बाजाराच्या दिवशी हातगाडीशेजारी उभं राहून तिनं हा प्रयोग केला होता. माती काय करेल याची तिला खात्री होती, पण दादा काय करेल याची नव्हती.

“तूच ठेव,” ती त्याला म्हणाली.

दादानं पलीकडचं ढेकूळ एका गाळणीत ठेवलं, आपलं दुसऱ्या. आणि वाकून, नाक काचेला लागेल इतका जवळ जाऊन बघत बसला.

पलीकडच्या ढेकळानं आधी बुडबुडे सोडले. मग त्याची एक बाजू खचली, दुसरी खचली आणि बघता बघता सगळं ढेकूळ भुरभुरत खाली गेलं. ग्लासातलं पाणी काळं झालं. शेजारी कुरणाचं ढेकूळ मुळांच्या जाळ्यात घट्ट बसून होतं. त्याच्याखालचं पाणी नुसतं किंचित पिवळसर झालं होतं.

“दोन्हीकडची माती एकच,” मधली म्हणाली. “ओढ्यानं मध्ये रेघ मारलीय इतकंच. आपल्या मातीला मुळांनी धरून ठेवलंय. गवत वरून मेल्यासारखं दिसतं, खाली अजून जिवंत आहे.”

“अरे देवा,” ट्रॅक्टरवाला दारातून म्हणाला. “पलीकडचं मीच नांगरलं होतं.”

दादा काळ्या ग्लासाकडे बघत राहिला. मग त्यानं कुरणाचं ढेकूळ गाळणीतून उचललं, तळहातावर ठेवलं आणि अंगठ्यानं दाबून पाहिलं. ते दबलं आणि पुन्हा फुगलं.

“जिवंत आहे,” तो म्हणाला. कुणाला म्हणाला कळलं नाही.

त्यानंतर सगळे खाली गेले. आत्याला ट्रॅक्टरवाल्यानं आपल्या शेजारी बसवून नेलं, नांगर काढून ठेवून. कुरणात पोचल्यावर मधलीला कळलं, की फोनवर तिला कुणीच धड काही सांगितलेलं नव्हतं. ‘बारमाही’ ओढ्यात दगड उघडे पडले होते. चार-पाच गाई मोजायला गेलं तर दोन कळप भरत होते.

“बारमाही?” तिनं धाकट्याला विचारलं.

“पावसाळ्यात तर बारमाहीच असतो,” धाकटा म्हणाला.

“मग भाग पाडून चालणार नाही नुसतं. प्रत्येक भागात पाण्याचा हौद लागेल. नाहीतर सगळ्या गाई एकाच डबक्याशी गोळा होणार आणि काठ तुडवणार.” ती चालत चालत बोलत होती, दादा मागोमाग. तिनं कुदळ मारली की तो वाकून बघे. “आणि दादा, वहिनीचं खरं आहे. एवढ्यांना हे गवत पुरणार नाही. काही केलं तरी.”

गाई सावलीत बसून रवंथ करत होत्या. त्यानं एकेकीवरून नजर फिरवली. वहिनी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“ती काळी, तिची बहीण,” शेवटी तो म्हणाला. “पलीकडची ती पाठीवर डाग असलेली. मामाच्या गोठ्यात जागा आहे, त्याच्याकडे गवतही आहे. पण बाजारात नाही न्यायची. मी स्वतः सोडून येणार.”

“मीही येते,” वहिनी म्हणाली.

आत्या ट्रॅक्टरवरूनच बोलली. तिथून ती सगळ्यांहून उंच दिसत होती. “माझं ऐका आता. कुरण तिघांच्या नावावर करते. सारखं. नांगर घालायचा, विकायचं, काहीही करायचं, तर तिघांनी हो म्हणायचं. एकानं जरी नाही म्हटलं, तरी नाही.”

“म्हणजे आम्ही जन्मभर भांडत बसणार,” धाकटा म्हणाला.

“भांडा. पण समोर बसून भांडा.”

ट्रॅक्टरवाल्याची सकाळ फुकट गेली नाही. दादानं त्याला कुंपणाचे खांब वाहायला लावलं.

पावसाळा सरताना कुरण ओळखू येईना. मधली दर रविवारी येई, कधी कुदळ घेऊन, कधी नुसती जेवायला. आणि एका रविवारी दादानंच विषय काढला: लोकांना बोलवायचं का? केंद्रानं बाकीचं केलं. आसपासचे शेतकरी आले, गाईवाले आले, ओढ्यापलीकडचा शेजारीही आला, जरा मागं राहून. दादानं नवीन भागाची तार सोडली आणि मंडळी अक्षरशः उड्या मारत आत घुसली. म्हाताऱ्या गाईसुद्धा मागचे पाय झाडत वासरांसारख्या धावल्या. लोक हसले, टाळ्या पडल्या.

मग दादा दगडावर चढला आणि बोलायला लागला. हौद कुठं ठेवायचा, गवत किती उरलं की गाई हलवायच्या, मुळं माती कशी धरतात, सगळं हातवारे करून. दोन-तीन गोष्टी उलट्यासुलट्या झाल्या. मधली मागच्या रांगेत हाताची घडी घालून उभी होती. तिनं एकदा तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. चुकलेलं नंतर घरी सांगता येईल, जेवताना.

“आता आम्हा विद्यापीठवाल्यांचं म्हणणं असं आहे,” दादा म्हणाला आणि क्षणभर श्वास घ्यायला थांबला.

मधलीशेजारी उभ्या असलेल्या एका शेतकऱ्यानं तिच्या कानाशी येऊन विचारलं, “ताई, माणूस फार शिकलेला दिसतो. तुम्ही ओळखता यांना?”

“हो,” मधली म्हणाली. “माझा भाऊ आहे तो.”